अण्णांची अठ्ठावीस आणि माझी सातशे : चाकांच्या नोंदी

12 ऑक्टोबर 2024, दसरा

पूजेसाठी सायकली धुवायला काढल्या. दरवर्षी अण्णांच्या अ‍ॅटलासला नुसतं फडकं मारून हार घालतो. या वेळी माझी मुलगी ईशा म्हणाली, आबांच्या (म्हणजे अण्णांच्या) सायकलची रिम घासू या, चमकली पाहिजे. घासता घासता मागच्या चाकात, व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी, गंजाचा फोड दिसला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं तर ते सरळ आत गेलं. म्हणजे रिम आतून संपलेली आहे. पन्नास वर्षं झाली तिला, तक्रार करायला तोंड नाही.

अण्णा ओट्यावरून बघत होते. "त्यात काय एवढं, तुझ्या सायकलीसारखी नवीन चाकं घाल की," म्हणाले.

आता हाच प्रकल्प. माझ्या हायब्रिड सायकलच्या 700×32 मापाच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांसारखी चाकं अण्णांच्या सायकलला बसवायची, की जुनंच चाक पुन्हा उभं करायचं? डिप्लोमाच्या पोरांना मी रोज सांगतो, आधी मोजा आणि मग बोला. आता स्वतः मोजायची वेळ आली.

सध्या व्हॉल्व्हजवळ हार लावून फोड झाकलाय.

13 ऑक्टोबर

सकाळ नुसती मोजण्यात गेली.

अण्णांच्या टायरवर 28×1½ असं छापलंय आणि त्याखाली बारीक अक्षरांत 40-635. खरा आकडा हा दुसरा. टायरची तार रिमच्या ज्या खाचेत बसते तिचा व्यास 635 मिलिमीटर आणि टायरची रुंदी 40. माझ्या टायरवर 32-622. म्हणजे माझी रिम तेरा मिलिमीटरने लहान. अठ्ठावीस इंच हे माप रिमचं नाही, हवा भरलेल्या टायरचं बाहेरून बाहेर मोजलेलं आहे. पूर्वी टायर एकाच जाडीचा असायचा तेव्हा हे चालून जायचं. पुढे जाड-बारीक टायर आले, इंचाचा आकडा मात्र तसाच राहिला. या घोळाचा प्रसाद मला मिळणार असं आत्ताच वाटतंय.

स्पोक : अण्णांच्या पुढच्या चाकाला 32, मागच्याला 40. माझ्या दोन्हींना 32. अण्णांची मोजणी ही जुनी इंग्रजी पद्धत. बसणाऱ्याचं वजन आणि कॅरिअरवरचं ओझं मागे पडतं, म्हणून मागे आठ स्पोक जास्त. स्पोकची जाडी व्हर्निअरवर दोन्हीकडे 2 मिलिमीटर भरली. अण्णांचे गंजाने खडबडीत झालेत, माझे स्टेनलेसचे.

मुख्य अडचण पुढे आली. मागच्या फोर्कमध्ये हब बसायला जेमतेम 110 मिलिमीटर जागा आहे, माझं मागचं हब 135 चं. फ्रेम ताणून पंचवीस मिलिमीटर मिळवायचे म्हणजे पाइपांवर जुलूम. पुढे तीच गत. शिवाय ब्रेक. रॉडच्या ब्रेकचं रबर रिमच्या बाजूला लागत नाही, ते खालून वर, म्हणजे हबच्या बाजूने बाहेर, रिमच्या दोन गोलाकार काठांवर ओढलं जातं. त्यासाठीच ती रिम तशी कमानदार वळवलेली असते, तिला वेस्टवुड रिम म्हणतात. माझ्या रिमला त्या जागी रबर टेकायला काही नाहीच. तिचा ब्रेक लागतो बाजूच्या सपाट भिंतीला.

म्हणजे नवीन चाक घातलं की ब्रेक बदलायचे, ब्रेक बदलले की हँडल बदलायचं, आणि मग अण्णांची सायकल म्हणून उरते ती फ्रेम आणि घंटी. तरीही लगेच निकाल देत नाही.

खडूची खूण करून दोन्ही सायकली अंगणात बसून चालवल्या, चाकाचे पाच फेरे. जुनी 11.12 मीटर गेली, माझी 10.68. एका फेऱ्याला नऊ सेंटिमीटरचा फरक.

16 ऑक्टोबर

संध्याकाळी स्वयंपाकघरातला काटा पळवला. सौ.ने एका अटीवर दिला : ग्रीस लागता कामा नये.

जुना टायर 820 ग्रॅम, ट्यूब 230. माझा टायर 520, ट्यूब 150. मागचं जुनं चाक, फ्रीव्हीलसकट, 3 किलो 200 ग्रॅमच्या आसपास. माझं मागचं, आठ गिअरच्या चकत्यांसकट, 2 किलो 360. एका चाकात साडेआठशे ग्रॅम गेले, आणि त्यातले बरेचसे काठावरचे.

काठावरचं वजन वेग घेताना दुप्पट मोजावं लागतं, कारण ते पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं. सायकलच्या जाहिरातींत हे वाक्य इतकं ऐकलंय की हिशेब करून बघितला. काठावर किलोभर जास्त म्हणजे वेग घेताना दोन किलो जास्त असल्यासारखं. पण अण्णा दूध घालायचे त्या काळी त्यांच्या सायकलवर काय असायचं? अण्णा साठ किलो, सायकल एकवीस, आणि वीस-वीस लिटरचे दोन भरलेले कॅन, म्हणजे कॅनच्या वजनासकट अठ्ठेचाळीस. एकूण एकशे एकोणतीस. त्यात दोन किलो म्हणजे दीड टक्का, आणि तोसुद्धा फक्त वेग घेताना. एकदा चाल धरली की काठ जड असला काय आणि हलका असला काय, सारखंच.

शर्यत लावणाऱ्याला दीड टक्का खूप असेल. कसबे डिग्रजहून सांगलीला दूध घालणाऱ्याला नाही.

काट्याला ग्रीस लागलंच.

20 ऑक्टोबर

आज पोपट झाला.

जुना टायर कडेला चिरलाय, तो बदलावाच लागणार. एका मोठ्या दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, अठ्ठावीसचे टायर आम्ही ठेवत नाही, पण एकोणतीसचा घेऊन जा, मोठाच आहे, बसेल. माझ्यासारख्या माणसाने, तेरा तारखेला स्वतःच्या हाताने 622 आणि 635 लिहून ठेवलेल्या माणसाने, तो टायर घेतला. रविवारची सकाळ होती, एवढंच कारण देता येईल.

घरी येऊन अर्धा तास झटापट. एक बाजू पाऊण चढली, पाऊण इंच राहिली आणि तिथे थांबली ती थांबलीच. टायरच्या काठात स्टीलची तार असते, ती रबरासारखी ताणत नाही. कडेला बघितलं, 54-622. एकोणतीस इंची माउंटन बाइकची रिम अठ्ठावीस इंची रोडस्टरच्या, म्हणजे अण्णांच्या सायकलीसारख्या जुन्या सायकलीच्या, रिमपेक्षा लहान असते, कारण एकोणतीस हे मापसुद्धा जाडजूड टायर धरून बाहेरून घेतलेलं आहे. माझ्या सडपातळ 700 ची रिमही तीच, 622. नावं तीन, रिमा दोनच.

अण्णा बघत होते. "अरं, दमानं. टायर हाय, रेडा न्हाय," म्हणाले.

टायर परत केला. दुकानदाराने घेतला, पण तोंड वाकडं करून. दुपारी बाजारातल्या जुन्या टपरीवर 28×1½ मागितला, माणसाने न बघता मागून काढून दिला.

27 ऑक्टोबर

आजचा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून सविस्तर.

प्रश्न असा होता की अण्णांच्या टायरमध्ये हवा किती आहे? माझ्या ट्यूबला गेज लागतो. अण्णांच्या ट्यूबला जुना व्हॉल्व्ह आहे, आत पितळी नळी आणि तिच्यावर चढवलेली रबराची व्हॉल ट्यूब. पंपाची हवा त्या रबराला फुगवून आत जाते, आणि रबर पुन्हा चिकटून बसतं. आतली हवा बाहेर डोकावतच नाही, मग गेज काय वाचणार? म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अंगठ्याने दाबून बघायची पद्धत. अण्णांचा अंगठा म्हणाला, "बरुबर हाय." अंगठ्याचा आकडा वहीत कसा लिहिणार?

मग गेरू आठवला. कुंड्यांना लावायचा डबा होता, त्यातला थोडा पाण्यात कालवून मागच्या टायरला फडक्याने चोपडला. खाली आलेख कागद. ईशा आणि तिच्या मैत्रिणीने सायकल दोन्हीकडून धरली, मी अलगद बसलो, दहा मोजले, उतरलो, आणि चाक सरळ वर उचललं. कागदावर विटकरी रंगाचा लंबगोल उमटला. मध्ये टायरच्या नक्षीच्या रेघा, कडेला किंचित पसरलेला. साडेआठ सेंटिमीटर लांब, 3.4 रुंद. चौकोन ईशाने मोजले, पेन्सिलने टिंब देत देत. अर्धे चौकोन दोनाला एक धरून 22.5 चौरस सेंटिमीटर.

आता चाकावर भार किती? वजनाचा काटा चाकाखाली, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची पाटं. मी बसल्यावर मागच्या चाकावर 57 किलो. अण्णांच्या सायकलवर माणूस ताठ बसतो, त्यामुळे भार मागे जातो. 57 भागिले 22.5, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 2.53 किलो, म्हणजे चौरस इंचाला 36 पाउंड.

टायर जमिनीवर जेवढा टेकतो तेवढ्यावर आतली हवा भार पेलते, बाकी जादू काही नाही. हवा कमी असेल तर टायर जास्त टेकतो, भार पेलेपर्यंत पसरत जातो. गेज नसला तरी कागद बोलतो.

खात्रीसाठी माझ्या सायकलवर केलं, तिथे गेजने 70 पाउंड भरून घेतले होते. भार 49 किलो. ठसा 6.2 बाय 2, चौकोन 9.7. उत्तर जवळजवळ 72 पाउंड. दोन पाउंडांची चूक आहे. गेरूच्या मानाने उत्तम.

दोन्ही ठसे शेजारी ठेवले. एक पोह्याच्या पसरट चमच्याएवढा, एक अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. माझ्या हायब्रिडचं सगळं ओझं एवढ्याशा जागेवर उभं असतं हे कागदावर बघितल्याशिवाय पटत नाही. फरशीवर गेरूचा एक लांब पट्टा उमटलाय. त्याबद्दल बोलणी खाऊन झाली.

2 नोव्हेंबर, पाडवा

काम नाही. जेवणं झाल्यावर अण्णांना दुधाच्या दिवसांबद्दल विचारलं, 1974 ते 1996. पहाटे चारला धारा, पाचला डिग्रजमधून निघायचं, सांगलीवाडी, मग आयर्विन पूल, पूल ओलांडला की गावात रतीब. बावीस वर्षांत मागची रिम एकदाच बदलली, म्हणजे जिला मी पन्नास वर्षांची म्हणत होतो ती चाळिशीची निघाली. आरे मात्र वर्षाला दोन-तीन तुटायचे. एक तुटला तर? "न्यायचं तसंच. एकोणचाळीस हाईत की." माझ्या चाकातला एक तुटला तर चाक ब्रेकला घासायला लागतं, आणि मी रिक्षा शोधतो.

टायर फाटला की आतून जुन्या टायरचा तुकडा लावायचे, त्याला गेटर म्हणत. काळ्या रानातून जाताना मडगार्डमध्ये चिखल गच्च बसायचा म्हणून पावसाळ्यात पुढचा मडगार्ड काढून ठेवायचे. कॅन भरलेले असताना हवा जास्त भरायची, येताना रिकामे कॅन असले की व्हॉल्व्हची चकती ढिली करून थोडी सोडायची. मी थांबवून विचारलं, का सोडायची? "मोकळ्या सायकलीनं लई उडतंय." अण्णांनी ठसा काढला नव्हता, पण हिशेब त्यांच्याकडे होता.

17 नोव्हेंबर

निकाल दिला : जुनंच चाक उभं करायचं. नवी वेस्टवुड रिम, 40 भोकांची, नवे स्पोक, हब तेच. कारणं वर आली आहेत, पुन्हा लिहीत नाही. खरं कारण हब सोडवल्यावर कळलं. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलमध्ये धुतलं. मागच्या हबमध्ये एका बाजूला पाव इंची नऊ छर्रे, दोन्ही बाजूंना मिळून अठरा. त्यातले सोळा आरशासारखे, दोन खरवडलेले. कोनवर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या भागावर, एक फिकट रेघ, बस. बावीस वर्षं दूध आणि अठ्ठावीस वर्षं कोपऱ्यात उभं राहून एवढंच झिजलं. हबच्या मधोमध तेल घालायचं भोक आणि त्यावर सरकणारी पत्र्याची पट्टी आहे, अण्णा दर अमावस्येला दोन थेंब टाकायचे म्हणे. असलं हब सोडून दुसरं कशाला घ्यायचं?

माझ्या हायब्रिडच्या हबला तेलाचं भोक नाही. आत पाणी गेलं की उघडेपर्यंत कळतही नाही.

24 नोव्हेंबर

मिरज. बाजाराच्या मागे एक चाचा अजून हाताने चाकं भरतात, वय सत्तरच्या पुढे. रिम, 40 स्पोक आणि दोन छर्रे असं सामान घेऊन गेलो. मला वाटलं ठेवून यावं लागेल. चाचा म्हणाले, "बसा सर. चहा येईपर्यंत तारा भरून होतील."

चहा दोनदा आला, पण चाक उभं राहिलं. आधी हबच्या एका बाजूच्या दहा तारा आतून, मग दुसऱ्या बाजूच्या, मग हब थोडं पिळून उरलेल्या उलट दिशेने, प्रत्येक तार चौथ्या तारेला ओलांडून जाताना तिच्या मागून अडकवत. या तिरप्या तारांनीच सायकलचं चाक खरं चाक झालं. 1874 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा हबमधून सरळ बाहेर न काढता स्पर्शरेषेत बसवल्या, म्हणजे पॅडलचा ओढ तारा सरळ पेलतात, मुरडत नाहीत. दीडशे वर्षांनी मिरजेत तीच गाठ, नुसत्या बोटांनी.

आऱ्यांबद्दल एक गैरसमज सगळ्यांचा असतो, माझाही होता : हब खालच्या आऱ्यांवर उभं असतं, बैलगाडीच्या चाकात असतं तसं. बैलगाडीच्या लाकडी आऱ्याला ते जमतं. दोन मिलिमीटरची तार दाबली तर वाकेल. म्हणून सायकलच्या तारा आधीच ताणून ठेवतात, भार आल्यावर खालच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो, आणि तेवढ्याने काम भागतं. ताण मुळातच कमी असेल तर खालची तार प्रत्येक फेऱ्यात पूर्ण सैल पडते, पुन्हा ताणते, आणि असं लाखो वेळा झालं की वाकणाजवळ तुटते. अण्णांचे आरे तुटायचे ते यामुळे, ओझ्यामुळे नव्हे, असं माझं मत. मऊ पत्र्याच्या रिमला फार ताण देता येत नाही, तिची भोकं ओढली जातात. दुहेरी भिंतीच्या अ‍ॅल्युमिनियम रिमला देता येतो, म्हणून आजची चाकं बत्तीस, अठ्ठावीस, कधी चोवीस तारांवरही चालतात. चाळीस ते चोवीस हा प्रवास तारांनी केलेला नाही, रिमने केलाय.

चाचा आउट काढताना, म्हणजे चाकाची वाकडी चाल सरळ करताना, रिमकडे कमी बघत होते. पक्कडीच्या मुठीने एकेक तार टिचकावायची आणि ऐकायचं. तंबोऱ्याच्या गावात हे विशेष वाटायला नको, तरी वाटलं. ईशा बरोबर होती, ती हार्मोनियम शिकते, तिने मोबाइलवर सूर मोजायचं अ‍ॅप उघडलं. जुन्या रिमवर तारा 240 पासून 330 पर्यंत कशाही बोलत होत्या. चाचांनी सोडल्या तेव्हा सगळ्या 380 च्या आगेमागे, डावी-उजवी बाजू सारखी.

घरी येऊन तिने माझ्या हायब्रिडचं मागचं चाक मोजलं. उजवी बाजू 440, डावी 335. ती म्हणाली, "बाबा, डावी सा धरली तर उजवी मध्यमाच्या खाली थोडीशी." चाक बिघडलंय का, हा तिचा प्रश्न. नाही. आठ गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून उजवीकडच्या तारा जवळजवळ उभ्या लावाव्या लागतात, आणि रिम मधोमध राहावी म्हणून त्या जास्त ताणाव्या लागतात. सूर ताणाच्या वर्गमुळाने चढतो, त्या हिशेबाने डाव्या बाजूचा ताण उजवीच्या अठ्ठावन्न टक्केच आहे. गिअर वाढले तसा चाकाचा तोल बिघडत गेला, आणि तो ताकदवान रिमने झाकला. एका फ्रीव्हीलचं जुनं चाक या बाबतीत जास्त सरळमार्गी.

चाचांनी जुनी रिम ठेवून घेतली. "घंटा लटकवायला," म्हणाले.

1 डिसेंबर

चाक बसवलं. ट्यूब बदलताना एक युक्ती केली : 700×35-43 ची, मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घातली. 622 चा टायर 635 वर जात नसेल, पण ट्यूब रबराची आहे, 635 वर ताणून बसते, आणि जुन्या व्हॉल्व्हचं भोक तिला पुरतं. आता अण्णांच्या सायकलला गेज लागतो.

अण्णांच्या अंगठ्याला "बरुबर" वाटेपर्यंत भरली. पुन्हा गेरू, पुन्हा चौकोन. ठशाचा हिशेब 36, गेज म्हणाला 32. चार पाउंड कुठे गेले? माझ्या टायरला दोनच गेले होते, तेही सत्तरात. माझा तर्क : जुन्या टायरच्या आतलं कापड जाड आणि रबर जाड, तो रिकामा असतानाही थोडा उभा राहतो. हवेशिवाय काही भार तो स्वतः उचलतो. हेच ओझं चालताना भोवतं, कारण चाक फिरताना ते जाड कापड सतत वाकतं आणि सरळ होतं, आणि त्यात गेलेला जोर परत मिळत नाही. जुना टायर जड पळतो याचं खापर लोक रुंदीवर फोडतात. मला दोष जाडीचा वाटतो.

रुंदीचं तपासायला दोन्ही टायरांत 45 पाउंड भरले. जुन्याचा ठसा 7.4 बाय 2.9. माझ्या 32 चा 8.2 बाय 2.4, म्हणजे भार आठ किलो कमी असूनही लांबीला जास्त. सारखी हवा असली तर रुंद टायर आडवा टेकतो आणि अरुंद टायर लांबट टेकतो. लांबट टेकणारा टायर जास्त खोल दबतो, म्हणून त्याला जास्त हवा भरून कडक करावं लागतं. शर्यतीवाले कित्येक वर्षं 23 मिलिमीटरवर शंभराहून जास्त पाउंड भरून दात वाजवत जात होते. आता तेच 28 आणि 30 वर आले आहेत.

8 डिसेंबर

ओढ्याच्या पुलावरून उतरणारा रस्ता. उतारावर डांबर, खाली एका फाट्याला डांबर, दुसऱ्याला मुरूम. पॅडल न मारता खुणेपासून सोडायचं, थांबेल तिथे दगड ठेवायचा. प्रत्येकी तीन वेळा, सरासरी.

डांबर : माझी 70 पाउंडला 96 मीटर, 50 ला 95. जुनी 40 ला 84.
मुरूम : माझी 70 ला 38, 50 ला 44. जुनी 40 ला 43, आणि तिच्यात 55 भरले तर 39.

हा प्रयोग कोर्टात टिकणार नाही. जुन्या सायकलवर मी ताठ बसतो, वारा जास्त खातो, वजन वेगळं, छर्रे वेगळे. म्हणून जुनी विरुद्ध नवी या तुलनेवर मी फार भर देत नाही. पण एकाच सायकलवर फक्त हवा बदलून आलेला फरक खरा धरतो. मुरमावर माझ्या टायरमधली वीस पाउंड हवा सोडली तर सहा मीटर पुढे गेलो. कडक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतो, मऊ टायर खडा पोटात घेतो. डांबरावर हवा कमी केल्याने गेला एक मीटर. अण्णा रिकाम्या कॅनला हवा सोडायचे, तो हाच हिशेब.

परत येताना ब्रेक. उताराच्या तळाशी खूण, तिथे ब्रेक दाबायचा, ईशा पावलं मोजणार. कोरडं : जुनी सहा पावलं, माझी पाच. मग रिमवर बाटलीने पाणी ओतून : माझी सात, जुनी सतरा. सतरा! क्रोमवर पाणी असलं की रबर नुसतं सरकतं. इथे अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला हात जोडतो. पावसाळ्यात आयर्विन पुलावरून उतरताना अण्णा काय करायचे विचारलं. "पाय टेकत यायचं," म्हणाले.

11 डिसेंबर

कारखाने सुरू झालेत, रस्त्यावर उसाची पाचट आणि ट्रॅक्टरच्या रांगा. ट्रॉलीला बाजू देताना कडेच्या मातीत उतरलो आणि पुढचा टायर बसला. बाभळीचा काटा, पाऊण इंच, सरळ. घरी घमेल्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे दोन ठिकाणी. टायर आतून चाचपला तर दुसरीकडे सराटा. दोन्ही काढले, घासून सोल्युशन, पॅच, पाच मिनिटं.

अण्णांचा टायर त्याच रस्त्याने शनिवारी जाऊन आला होता. त्याच्या रबरात दोन सराटे रुतून बसलेत, आत पोचलेले नाहीत. जाडीचा हा एक फायदा.

15 डिसेंबर

माझ्या हायब्रिडच्या फोर्कमध्ये किती जागा आहे ते मोजलं. मडगार्ड काढले तर 40-622 चा टायर बसतो, दोन्ही बाजूंना पाच पाच मिलिमीटर राहतात. सांगलीत मिळाला नाही, मागवून घेतला. आत काट्यापासून वाचवणारा पट्टा आहे, कापड पातळ, वजन 610 ग्रॅम. जुन्या 28×1½ पेक्षा दोनशे ग्रॅमने हलका, रुंदी तीच.

आज बसवला. 45 पाउंड. पुन्हा ओढ्यावर नेली : मुरमावर 47, डांबरावर 95. अण्णांच्या चाकांचा अभ्यास करायला बसलो आणि चाकं माझी बदलली.

अण्णांनी दोन्ही सायकली भिंतीला लावून उभ्या केल्या आणि एकेक टायर अंगठ्याने दाबून बघितला. माझ्या सायकलीकडे वळून म्हणाले, "आता कसं टायरासारखं दिसायलंय." मग स्वतःच्या मागच्या चाकाशी अडखळले. "ह्यात हवा कमी हाय." गेज लावला, 31. परवा 36 भरली होती.

व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितली, बुडबुडा येत नाही. ट्यूब पुन्हा काढून पाण्यात बघायची आहे. पुढच्या हबला तेल द्यायचं राहिलंय. मडगार्डला रुंद पट्ट्या मिळतात का, चाचांना विचारायचं.